पेज कोणी खाल्ली?

शालूताई भेटल्या की आधी विचारत, "काल कायची भाजी खाल्ली वं?" साताऱ्याहून गोंदियाच्या फार्मसी कॉलेजात मी रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी हा प्रश्न अंगावर आला. मला आठवेना. "गेली कामातून!" म्हणून बाई खुशाल आपल्या उंदरांकडे निघून गेल्या. मला असा राग आला! नंतर कळलं, त्यांच्या या परीक्षेतून प्राचार्यही सुटले नव्हते.

शालूताई तिथेच शिकवत, आणि स्मरणशक्ती हाच त्यांच्या पीएचडीचा विषय होता. चांदीचे अतिसूक्ष्म कण पोटात गेले तर मेंदूला सूज येते का, विसरायला होतं का, हे त्या उंदरांवर तपासत. हौदात पाण्याखाली एक पाट लपवलेला असे. दुधाची पावडर घालून पाणी पांढरं करायचं आणि उंदीर सोडायचा. पाटाची जागा आठवली तर तो पोहत थेट तिथे जाऊन बसे.

एकदा ऐन चाचणीत पावडर संपली. शालूताई अर्जुनी मोरगावच्या, धानाच्या मुलखातल्या. त्यांनी घरून तांदळाची पेज आणून हौदात ओतली. चांदी दिलेले उंदीर पाट सोडून कडेकडेनेच फिरत राहिले. मार्गदर्शक सर खूश झाले. "भूल गए! अब थीसिस पक्की समझो."

शालूताई मात्र वाकून बघत होत्या. उंदीर कडेला चिकटलेली पेज चाटत होते! त्यांनी चांदी न दिलेले उंदीरही त्याच पाण्यात सोडले. तेही चाटतच राहिले.

"इतना कौन देखता है?" सर म्हणाले. त्या वर्षी पदवी हुकली तर शालूताईंची बढतीही जाणार होती.

"पेज खाल्ली उंदरायनं, अन् बदनाम चांदीले कायले करता सर?"

सगळे निकाल त्यांनी रद्द केले. बढती दुसऱ्याला मिळाली. मी हळहळले, तर मलाच दटावलं, "तू काऊन रडून राहिली? वर्ष गेलं, डोस्कं त शाबूत आहे ना!"

नव्या उंदरांवर, दुधाच्या पाण्यात, पुन्हा चाचणी झाली. चांदीवाले खरोखरच पाट विसरत होते आणि त्यांच्या मेंदूत सूजही निघाली. उशिरा का होईना, पेढे वाटले गेले.

शालूताईंना नागपूरला नोकरी लागली तेव्हा निरोप घ्यायला त्या माझ्या घरी आल्या, माझ्या तान्ह्या लेकीसाठी चांदीची वाटी घेऊन. मी बघतच राहिले.

"पाहून काय राहिली? ते बारीक कण वेगळे, वाटी वेगळी. यात पेज घालजो तिले."

त्या गेल्यावर मला रडू आवरेना.

लेकीने पहिली पेज खाल्ली आणि वाटीची कड चाटून लख्ख केली. मी लगेच फोन लावून सांगितलं. पलीकडून खदखदून हसू आलं. "गेली! पोट्टी पाट विसरली!"