एकतिसाव्या दिवसाची वाट

धानोऱ्याकडच्या आमच्या गावात आरोग्य विम्याचं कार्ड असलेला पहिला माणूस मी. कार्ड आलं त्या दिवशी मी ते माझ्या खताच्या दुकानात, लक्ष्मीच्या फोटोशेजारी लावलं. गिऱ्हाईक युरिया मागायला यायचं आणि चंद्रपूरच्या खासगी हॉस्पिटलातल्या एसी खोलीचं वर्णन ऐकून जायचं. ती खोली मीही पाहिली नव्हती. माहितीपत्रकावर फक्त एक कुटुंब हिरवळीवर बसून खदखदा हसत होतं. त्यांच्यातलं आजारी कोण, ते काही कळत नव्हतं.

सरकारी दवाखान्याला मी नाकं मुरडायचो. फुकट मिळतं ते औषध कसलं, असं माझं ठाम मत. गावची आशाताई दर आठवड्याला पिशवी घेऊन दारोदार फिरायची, कुणाला ताप आहे का विचारायची, बोटाला टोचून मलेरिया तपासायची आणि गोळ्या समोर गिळायला लावायची. तिला मी लांबूनच हात जोडायचो.

बियाण्याच्या पिशवीवरचं बारीक अक्षर मी जन्मात कुणाला वाचून दाखवलं नाही. पॉलिसीचं मात्र चष्मा पुसून वाचलं. पहिल्या तीस दिवसांत आजारी पडलात तर कंपनी एक पैसा देणार नव्हती. अपघात झालेला चालत होता. ठीक आहे, म्हटलं, महिनाभर घरात कुणी आजारी पडायचं नाही. तसं बायकोला बजावलंही.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिला थंडी वाजून ताप आला.

"तीन दिवस काढ," मी म्हणालो. "मंग थेट चंद्रपूर."

गोधडीखालून ती "बरं" म्हणाली. ती माझ्या शब्दाबाहेर कधी जात नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

दुसऱ्याच दिवशी आशाताई दारात हजर.

"भाऊ, वहिनीले ताप हाय म्हणे?"

"नाई. सर्दी हाय जराशी."

"टोचून पाह्यतो ना एकडाव. काऊन लपवून राह्यले?"

"लपवाले काय चोरी केली का आमी?"

मी दार अडवून उभा राहिलो. तिच्या वहीत एकदा नाव चढलं की कंपनीला आयतं कारण मिळणार, एवढा हुशार मी होतो. तिच्या पिशवीतल्या गोळ्यांना तीस दिवसांची अट नव्हती, हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही. ती पुढच्या घरी गेली.

एकतिसाव्या दिवशी सकाळी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि दुकानातून कार्ड काढून आणलं. बायको निघायला म्हणून उठली आणि उंबऱ्यातच कोसळली. माझं सगळं शहाणपण तिथल्या तिथे गळून पडलं. मी धावत आशाताईच्या शेतावर गेलो. ती भाताचा रोवणा करत होती, तशीच चिखलाच्या पायांनी आली. बोटाला टोचलं, पट्टीवर थेंब टाकला. मेंदूत चढणारा मलेरिया निघाला. तिने फोन करून सरकारी गाडी बोलावली.

तालुक्याच्या दवाखान्यात सिस्टर शीर शोधत होती. मी तिच्यापुढे कार्ड धरलं.

"बाजूले घ्या भाऊ, उजेड अडून राह्यला," ती म्हणाली आणि सुई लावून मोकळी झाली.

दुपारी डॉक्टर कागद घेऊन आले. "ताप कधीपासून आहे?"

सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही मी दिवसच मोजत होतो. या कागदावर पडेल तीच तारीख कंपनी वाचणार. आजची पडली तर उद्या हिला चंद्रपूरला हलवता येईल.

"नीट आठवून सांगा," डॉक्टर म्हणाले. "पुढचं औषध त्यावर ठरणार आहे."

"आज सकाळपासून," मी म्हणालो.

बायकोने डोळे उघडले. माझ्याकडे न बघता ती डॉक्टरांशी बोलली.

"चार दिवस झाले," ती म्हणाली. "ह्यायले मालूम हाय."