आधीचा दात

आमच्या लॅबमध्ये माणूस कधी येत नाही, त्याचा जबडा येतो. तोही खोक्यातून. दातांचे डॉक्टर कॅप बसवण्यासाठी पेशंटचे दात कापतात, कापलेल्या दातांचा निळ्या रबरात ठसा घेतात आणि तो चिठ्ठीसकट आमच्याकडे पाठवतात. त्या ठशात प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की रबर सोलून काढायचं, हे माझं काम. वीस वर्षं तेच करतेय. आतून जो पिवळसर साचा निघतो तो मी शेजारच्या टेबलावर सरकवते. त्यावर खरी कॅप घडवायची ती भिंगमामांनी.

मामा काही माझे मामा नव्हेत. सगळी लॅब त्यांना मामा म्हणते आणि कपाळावर कायम भिंग चढवलेलं असतं म्हणून भिंगमामा. एकदा तसेच भाजी आणायला गेले, तर भाजीवाली म्हणाली, "काका, टोमॅटोच आहेत हो, हिरे नाहीत." माणूस तापट, पण हाताला तोड नाही. त्यांची कॅप तोंडात बसली की जिभेलासुद्धा पत्ता लागत नाही, असं डॉक्टर लोक सांगतात. हे मामांनाही माहीत होतं, जरा जास्तच.

गावातले सगळे डॉक्टर मामांना कामावरून ओळखू यायचे, चेहऱ्याने एकही नाही. चिठ्ठीवरचं पेशंटचं नाव तर ते कधीच वाचत नसत. "नाव काय चाटायचंय? दात बघ," म्हणायचे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा साचा आला की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "याने दात कापलाय की नुसता पुसलाय? पोर्सेलिनची कॅप काय माझ्या डोक्यावर बसवू?" त्यांचंही खरं होतं. कॅपला जाडी लागते, आणि डॉक्टर दात जेवढा कापतील तेवढीच जागा आम्हाला मिळते. जागा कमी मिळाली की मामांना कागदाच्या जाडीत रंग, आकार, चमक सगळं कोंबावं लागायचं. मान मोडायची बिचाऱ्यांची. म्हणून सगळ्याच डॉक्टरांना फोन करून 'जागा द्या' म्हणत राहायचे.

आणि मोठ्या रस्त्यावर तो काचेचा नवा दवाखाना आहे, तिथल्या डॉक्टरांना आम्ही काचवाले म्हणतो. त्यांचा साचा आला की मामा खूश. "वा! काय जागा दिलीय! याला म्हणतात हात." मग दिवसभर शीळ घालत काम चालायचं.

मामांना एकच मुलगी. पंचवीस वर्षांची झाली तरी घरात छकुलीच. पुढच्या दोन दातांत तांदळाचा दाणा मावेल एवढी फट, आणि उजवा सुळा गर्दीत कोपर मारून पुढे आल्यासारखा. बाकी एकही दात किडका नाही. पण हसली की हात आधी ओठांवर जायचा. सोळा वर्षांची असताना सुट्टीत लॅबमध्ये येऊन बसायची, तेव्हा मामांनी गंमत म्हणून तिच्या दातांचा ठसा घेतला होता. तो साचा तेव्हापासून त्यांच्या टेबलावर असायचा. पंख्याने चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून त्याच्याखाली दाबून ठेवायचे. तो सुळा आम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा पाहिला होता की अंधारातही ओळखला असता.

छकुली एका मोठ्या ऑफिसात मागच्या खोलीत फोन घ्यायची. तिथे पुढच्या काउंटरवरची जागा निघाली आणि मुलाखतीला दोन महिने होते. "आवाजावर मागची खुर्ची मिळाली," ती म्हणाली, "पुढची मिळायला तोंड उघडावं लागणार." मामी म्हणाल्या, "चांगले धडधाकट दात आहेत. सुखाचा जीव दुःखात कशाला घालतेस?" पण मामींचं ऐकतंय कोण?

ती आधी एकटीच कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी अर्धा तास तपासलं आणि सांगितलं, "तारा लावू. सव्वा-दीड वर्ष लागेल. असे दात कापायला मी तयार नाही." तिथून ती तणतणत थेट लॅबमध्ये आली. आम्ही डबे उघडून बसलो होतो. तिने मोबाइल मामांपुढे धरला. काचवाल्यांचे फोटो, आधी आणि नंतर, आधी आणि नंतर, सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे हसत होते.

"ते म्हणतात दोन बैठकांत होईल. नखाएवढे पातळ पापुद्रे चिकटवायचे, बस. बाबा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तिथेच जाईन मी."

मामांनी मोबाइल बाजूला सारला. "फोटो बघून डॉक्टर निवडतात का, वेडाबाई? फोटो कोणाचेही कोणाच्याही नावावर खपवतात. साचा मात्र खोटं बोलत नाही." त्यांनी त्या दिवशीचे दोन साचे आणून तिच्यासमोर ठेवले. "हा बघ तुझा तारावाला. कापायचं म्हटलं की हात थरथरतो, म्हणून तारा सांगतो. आणि हा काचवाल्यांचा. कड बघ, उतार बघ. मी वीस वर्षं रोज हेच बघतोय. हातच्या काकणाला आरसा कशाला? जा तू, बिनधास्त जा."

छकुलीने वडिलांकडे असं पाहिलं की मला माझ्याच वडिलांची आठवण झाली. आणि त्याच क्षणी मनात पाल चुकचुकली.

त्याला कारण होतं. काम झालेले साचे आम्ही तीन वर्षं ठेवतो, आणि ते रॅकवर लावते मी. मामांच्या हातात प्रत्येक साचा नवाच असतो. माझ्या मात्र दोनदा हाताखालून जातो, आणि नाव मी वाचते. एका बाईच्या सहा दातांचा साचा काचवाल्यांकडून आला होता. चौदा महिन्यांनी तिचाच जबडा परत आला, आणि सहातला एक दात गायब. तिथे नुसती हिरडी. मला वाटलं, असेल एखादं नशीब. मग दुसरा आला, तिसरा आला. मी त्यांच्या जोड्या लावून रॅकच्या खालच्या खणात ठेवू लागले. अकरा जोड्या झाल्या होत्या, अकराही काचवाल्यांच्या. फार कापलेला दात आतून मरतो आणि शेवटी काढावा लागतो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं माणूस एकदा गेलं की आमच्याकडे पुन्हा दिसत नसे.

छकुली गेल्यावर मी म्हटलं, "मामा, काचवाल्यांची माणसं परत येतात हो."

"येणारच. काम आवडलं की येतात परत."

"तसं नव्हे, त्यांचे दात..."

"तू प्लास्टर कालव. हल्ली पातळ होतंय तुझं."

सगळे हसले. मला राग आला, आणि मी मूग गिळून गप्प बसले. खालचा खण माझ्या खुर्चीपासून पाच पावलांवर होता. उठून एक जोडी आणून त्यांच्या डब्याशेजारी ठेवली असती तर पुढचं काही झालं नसतं. पण माझ्या प्लास्टरला नावं ठेवली ना! म्हटलं, भोगा तुमच्या कर्माने. भोगणार होती दुसरीच, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी स्वतःला यात सोडणार नाही.

छकुलीची वेळ शुक्रवारी होती. गुरुवारी दुपारी काचवाल्यांचं खोकं आलं. चिठ्ठी उघडली तर तिचं नाव. ऑफिसातून सुट्टी एक दिवस अलीकडे मिळाली म्हणून तिने वेळ बदलून त्याच सकाळची घेतली होती आणि घरी सांगायचं राहिलं होतं, हे नंतर कळलं. नावाखाली लिहिलं होतं, वरचे आठ, पूर्ण कॅप. पापुद्रे नव्हे.

ठसा उजेडात धरला. ठशात दात म्हणजे खड्डे असतात. ते आठ खड्डे इतके अरुंद होते की माझी करंगळी सोडाच, पेन्सिलही जेमतेम शिरली असती. मी प्लास्टर ओतलं. त्या दिवशी मुळीच पातळ नव्हतं. घट्ट होताना प्लास्टर गरम होतं, ते पाऊण तास मी दोन्ही हातांत धरून बसले. शेजारी मामा शीळ घालत होते. मध्येच म्हणाले, "उद्या छकुलीच्या पापुद्र्यांचं काम येईल. माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

रबर सोललं. फळ्यावर झिजून उरलेल्या खडूसारखे आठ तुकडे बाहेर आले. फट नव्हती, सुळा नव्हता. मी साचा फडक्याखाली झाकणार होते, तेवढ्यात मामांचा हात आलाच.

"आण इकडे. काचवाले ना? लांबून ओळखतो मी. वा! बघा रे, याला म्हणतात काम! जागाच जागा. एकावर एक दोन कॅप बसतील."

सवयीने त्यांनी साचा उलटा केला आणि दाढांकडे पाहिलं. डावीकडची शेवटची दाढ किंचित आत वळलेली. शीळ थांबली. मामांनी भिंग डोळ्यांवर ओढलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यांचा हात चिठ्ठ्यांवरच्या जुन्या साच्याकडे गेला. तो उचलताच चिठ्ठ्या पंख्याने खोलीभर उडाल्या. कोणी उचलल्या नाहीत.

दोन्ही साचे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. मापाचा चिमटा घेतला. जुना सुळा मोजला, मग नवा तुकडा मोजला. पुन्हा मोजला. मग तिसऱ्यांदा मोजला.

आमच्या धंद्यात आधीचा दात येतच नाही. येतो तो कापून झालेला. आधी काय होतं ते आम्हाला कोणी दाखवत नाही आणि आम्ही विचारत नाही. मामांनी हजारो दात हाताळले, पण आधी आणि नंतर हे दोन्ही त्यांच्या टेबलावर त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र आले.

"मला वाटायचं," ते हळूच म्हणाले, "मुळातच खराब असतील. म्हणून एवढे कापत असेल तो." मग माझ्याकडे वळले. "सगळेच असे असतील का गं?"

मी उठले. पाच पावलं चालले. अकराही जोड्या आणून त्यांच्यापुढे मांडल्या. त्यांनी एकेक पाहिली. प्रत्येकीवर त्यांच्याच हातची कॅप बसली होती.

"तू बोलली होतीस," ते म्हणाले.

"हो."

"मी काय म्हटलं होतं?"

"प्लास्टर पातळ होतंय म्हणालात."

त्यांनी काचवाल्यांना फोन लावला. लावून दोन्ही साचे पुन्हा हातात घेतले, म्हणून फोन मीच त्यांच्या कानाशी धरला आणि पलीकडचं सगळं मलाही ऐकू आलं. डॉक्टर अगदी शांत होते. "पापुद्र्यांनी सुळा सरळ दिसला नसता. खुर्चीत समजावलं मी, तिने सही केलीय. म्हणाली, बाबांनीच तुमच्याकडे पाठवलंय, योग्य वाटेल ते करा. आणि मामा, प्रत्येक केसला फोन करून जागा द्या, जागा द्या म्हणणारे तुम्हीच ना?"

मामांनी फोन ठेवला. भांडायचं कोणाशी? आपलेच दात, आपलेच ओठ.

कापलेला दात काही परत वाढत नाही. छकुलीच्या तोंडात तात्पुरत्या कॅप होत्या आणि मुलाखत जवळ आली होती. मामांनी आठ दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही. शीळसुद्धा नाही. त्यांनी आयुष्यात केलेलं सर्वांत सुंदर काम ते. मला ते बघवेना.

छकुलीला जागा मिळाली. चार महिन्यांनी ती लॅबमध्ये आली, काउंटरवरच्या गणवेशात. तोंडभर हसली, हात खालीच. सगळ्यांनी कौतुक केलं. ऊन होतं म्हणून मी गार पाण्याचा ग्लास दिला. तिने एक घोट घेतला आणि हात वर गेला. पूर्वी ओठांवर जायचा, तो गालावर गेला.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काही नाही बाबा. सुरुवातीला फक्त गार लागायचं, आता चहाही लागतो. एवढा सुळाच जरा. होईल ना बरं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"होईल," ते म्हणाले.

हल्ली कोणाचंही खोकं आलं की मामा आधी चिठ्ठीवरचं नाव वाचतात, मगच साच्याला हात लावतात. फोन करून जागा मागत नाहीत. खालच्या खणात अकरा जोड्या तशाच आहेत. त्यांच्या शेजारी मी छकुलीचा तो गुरुवारचा साचा एकटाच ठेवलाय, आणि त्याच्या बाजूला एका साच्यापुरती जागा सोडली आहे.