आवाज बंद केलेला कॅमेरा

हा माझा धाकटा भाऊ, पाठचा. आणि भाऊ आहे म्हणून फुशारकी मारत नाही, पण मेलेल्या माणसाचा फोटो त्याच्यासारखा काढणारा दुसरा कुणी दाखवा, मी मिशी उतरवून देतो.

काम असं. धाकट्याचं फोटोचं दुकान आहे, पण ओळख न पटलेला मृतदेह आला की पोलिसांचा पहिला फोन त्यालाच. मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला शवागार. तिथं जाऊन तो ओल्या कापसानं चेहरा पुसायचा, केस सारखे करायचा, हनुवटीखाली कापडाची घडी सरकवून तोंड मिटवायचा. मगच फोटो. तो फोटो बाहेर बसलेल्या नातेवाइकांना दाखवायचा, म्हणजे उगाच कुणाला आत न्यायला नको. "पहिल्यांदा बघताना तरी माणूस माणसासारखा दिसू दे," म्हणायचा. बावीस वर्षांत त्याच्या फोटोवरून एकदाही ओळख चुकली नव्हती. एकदाही! चार बुकं शिकलेल्यांना जमतंय का बघा.

पण जुना कॅमेरा म्हणजे नुसता धोंडा. गळ्यात अडकवून अडकवून मानेचा मणका घासला, उजव्या हाताला सारख्या मुंग्या. डॉक्टरनं स्पष्टच सांगितलं, "हा कॅमेरा तरी सोडा, नाहीतर हात तरी." तेव्हा त्यानं मिररलेस घेतला. आत आरसा नाही, म्हणून हलका. बायकोनं तळहातावर तोलून बघितला. "अगंबाई, एवढुसा? डब्यात बसेल की!" दवाखान्यातल्या चौकीचा हवालदार तर म्हणाला, "कॅमेरा धुवायला टाकला होता का रे? पार आटला!"

धाकट्याला मात्र त्याच्या हलकेपणाहून दुसरंच आवडलं. ह्या कॅमेऱ्याचा आवाज साफ बंद करता येत होता. शवागाराची भिंत पातळ आणि तिला लागूनच नातेवाइकांचं बाकडं. जुन्या कॅमेऱ्याचा खटाक पलीकडे स्पष्ट ऐकू जायचा. एका म्हातारीनं कधीतरी त्याला सांगितलं होतं, "बाबा, दर खटाकाला वाटायचं, हा माझाच." ते त्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

नवा कॅमेरा घेऊन चार दिवस झाले आणि पुलावरून बस नदीत गेली. पाच जण गेले. चौघांची ओळख खिशातल्या कागदांवरून पटली. पाचवा विशीतला पोरगा, खिसे रिकामे, चेहरा पाण्यानं फुगलेला. बाहेर बाकड्यावर एक बाप बसला होता. त्याचा मुलगा वर्षभरानं घरी येत होता, त्याच बसनं, आणि फोन उचलत नव्हता.

धाकट्यानं चेहरा पुसला, केस नीट केले आणि पलीकडच्या बापासाठी आवाज बंद केला. आवाज बंद केला की ह्या कॅमेऱ्याचा फ्लॅशही पेटत नाही. त्याला वाटलं, नसू दे, छताला ट्यूबलाइट आहे.

तिथंच घात झाला. बिनआवाजाचा फोटो कॅमेरा ओळी-ओळीनं टिपतो, आणि जुनी ट्यूबलाइट आपल्याला कळत नाही इतकी भरभर फडफडत असते. मग फोटोवर आडवे काळपट पट्टे पडतात. पाठीमागच्या इवल्याशा पडद्यावर ते धाकट्याला दिसले नाहीत. चष्मा कपाळावर होता.

तो हात धूत होता तेवढ्यात हवालदारानं कॅमेऱ्यातला फोटो चौकीतल्या प्रिंटरवर छापून बापापुढे धरला. धाकटा बाहेर आला तर बाप फोनवर ओरडत होता, "आपला नाही गं! आपला नाही! दुसऱ्या दवाखान्यात असेल, आणतो शोधून!" आणि वळणावरून दिसेनासाही झाला. धाकट्याला बरं वाटलं. असं ऐकायला त्याला वर्षा-दोन वर्षांतून एकदा मिळायचं.

संध्याकाळी हवालदाराचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "सुटला बिचारा. पोराच्या डाव्या भुवईत खोक आहे म्हणे, लहानपणी झोपाळ्यावरून पडलेला. फोटोत काही खोक नव्हती."

खोक होती. कापूस फिरवताना धाकट्याच्या बोटाला लागली होती. त्यानं फोटो दुकानातल्या मोठ्या पडद्यावर उघडला. बरोबर भुवयांवरून काळा पट्टा गेला होता.

लगेच बापाला फोन लावला. बंद. हवालदार म्हणाला, "सकाळी आठला पोरगा हरवल्याची तक्रार द्यायला चौकीत येणार आहे तो. तेव्हा सांगतो मी."

मीही म्हटलं, "हवालदाराला सांगू दे. मशीनची चूक आहे, ढकल की कॅमेऱ्यावर!"

"कॅमेऱ्याला काय कळतंय, दादा," तो म्हणाला. "आवाज मी बंद केला. मीच सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप आठच्या आधीच हजर. पायांना घोट्यापर्यंत चिखल. चार दवाखाने पालथे घातले म्हणाला, अजून दोन राहिलेत, घरी बायकोनं रडणं थांबवून दोन घास खाल्ले. धाकट्यानं ऐकून घेतलं आणि सांगितलं. सगळं, पट्ट्यासकट, "चूक माझी" इथपर्यंत. बाप हात उगारेल म्हणून मी मध्ये पडायच्या तयारीनंच उभा होतो. त्यानं नुसतं विचारलं, "कुठं आहे?"

आत गेल्यावर त्यानं आधी पोराची डावी भुवई बघितली. मग धाकट्याला म्हणाला, "फोटो काढा."

"काका, आता कशाला?"

"त्याच्या आईला मीच सांगितलंय ना काल, आपला नाही म्हणून. आता ती माझं ऐकायची नाही."

त्यानं स्वतः चादर गळ्यापर्यंत खाली घेतली, पोराच्या भुवईशेजारी बोट टेकवलं आणि म्हणाला, "हे दिसलं पाहिजे."