नॉमिनीकाकांचा शेवटचा फॉर्म

आमच्या नॉमिनीकाकांची ओळख करून घेण्याची रीत विचित्र होती. ते आधी नाव विचारत नसत, लग्न झालंय का ते विचारत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या आमच्या केमिकल कंपनीत मी लागले त्या दिवशी मलाही त्यांनी तेच विचारलं. मी फणकाऱ्यानं नाही म्हटलं, तर म्हणाले, "मग आईचं नाव लिही. लग्न ठरलं की पेढे नंतर, आधी माझ्याकडे यायचं." प्रॉव्हिडंट फंडाचं टेबल त्यांचं. लग्नाआधी दिलेलं नॉमिनीचं नाव लग्नानंतर बाद होतं, हा नियम ते चहाच्या टपरीवरही कुणाला तरी सांगत असायचे.

एका बड्या कंपनीनं आम्हाला पोटात घेतलं, तेव्हा सगळ्यांचा फंड आणि पेन्शन तिकडे न्यायचं काम साहजिकच काकांच्या गळ्यात पडलं. नव्या साहेबांची अट एकच होती. महिनाअखेरपर्यंत प्रत्येकाचा नॉमिनीचा फॉर्म नव्यानं भरून हवा, नाहीतर त्याचं खातं लटकणार. बाकी ऑफिस आपापल्या खुर्चीच्या टेन्शनमध्ये होतं. काकांना तो प्रश्न नव्हता, त्या महिनाअखेरीस ते रिटायरच होणार होते. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. कामोठ्याला ते एकटेच राहत.

प्लान्टवरची बरीचशी माणसं जवळच्याच तळवली गावची. विशीत नोकरीला लागताना त्यांनी आईचं नाव लिहिलेलं. पुढे लग्नं झाली, नातवंडं झाली, आई वारली, तरी कागदावर आईच. एका ऑपरेटरनं तर फॉर्मला हातच लावला नाही. "आयचं नाव हाय ना, ऱ्हाव दे. मी नाय खोडनार," म्हणाला. काकांनी वाद घातला नाही. रविवारी मला घेऊन ते त्याच्या घरी गेले आणि जुन्या फॉर्मची झेरॉक्स त्याच्या हातात ठेवली. "खोडायचं नाहीच. आईचा कागद घरी ठेव, ऑफिसात बायकोचा राहू दे." मग बायकोलाच समोर बसवून तिचं नाव आधार कार्डावर आहे तसं लिहून घेतलं. तिनं निघताना तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट बांधून दिली. परतताना रिक्षात काका म्हणाले, दोन दिवसांची सोय झाली. मी हसले. तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

शेवटच्या दिवशी एकच फॉर्म राहिला, त्यांचा स्वतःचा. सगळा भरलेला होता, फक्त नॉमिनीची जागा कोरी. मी म्हटलं, काका, घरचं कुणी नसेल तर कुणाचंही नाव चालतं, तुम्हीच शिकवलंय. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"नावं आहेत गं. पण ज्याचं लिहायचं त्याला सांगायला हवं. आणि सांगायला गेलो की तो म्हणणार, काका, आज अचानक कसे काय?"

माझं नाव लिहा, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण लोक म्हणतील, पोरगी पैशांवर टपली होती. आजही त्या गप्प बसण्याची मला लाज वाटते. पाचच्या आत त्यांनी कळंबोलीला राहणाऱ्या पुतणीचं नाव लिहिलं, सही केली आणि टेबलाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. तिला सांगायला मात्र ते गेले नाहीत.

काका मागच्या वर्षी गेले. आम्हाला कळलं तेव्हा दहावाही उलटून गेला होता. रिटायर झाल्यावरही त्यांनी आपला फंड काढलाच नव्हता. त्याच्या कागदांसाठी मी त्या पुतणीला फोन केला, तर तिला खरंच वाटेना. लहानपणी एक-दोनदा भेटले असतील, म्हणाली. माझंच नाव का, असं तिनं दोनदा विचारलं. मग म्हणाली, "मॅडम, काका माणूस म्हणून कसे होते हो?"

मी इतकंच म्हणू शकले, "चांगले होते. आधार कार्डाची झेरॉक्स पाठवा."

हे सगळं मला तिला सांगायचं होतं.