आजीच्या गुलाबातला मणी

मण्यांच्या बाबतीत आमच्या फिलोमेन देजार्लेला आजवर कुणी फसवू शकलेलं नाही. एकाहत्तर वर्षांची बाई, त्यातली साठ सुई-दोऱ्यात गेली. दोन नवरे केले, दोघांच्याही जोड्यांवर फुलं काढली, आणि दुसऱ्याची जरा बरी काढली हे ती लपवत नाही. पण नदीकाठी नव्यानं उभारलेला फर-व्यापाराचा किल्ला पाहायला गेली त्या दिवशी तिची मती गुंग झाली.

सुरुवात फाटकापासूनच झाली. किल्ला म्हणे दीडशे वर्षांचा, आणि लाकडाला करवतीचा ताजा वास! आत जुने कोट घातलेली पोरं पाहुण्यांना बीव्हरची कातडी दाखवत होती, तीही उलटी धरून. फिलोमेननं एकाच्या हातातलं कातडं सुलटं केलं आणि पुढे निघाली. तिला एकच गोष्ट पाहायची होती. इथल्या काचेच्या कपाटात अगदी पणजीच्या हातचे वाटावेत असे जोडे आहेत आणि खाली ‘कारागीर अज्ञात’ लिहिलंय, असं भाची वर्नानं सांगितलं होतं. वर्नाची पणजी म्हणजे फिलोमेनची आजी. काम तिचंच असेल, तर तिथे तिचं नाव लागलंच पाहिजे.

जोडे मूस हरणाच्या कातड्याचे होते. वरचा मण्यांचा रानगुलाब आजीचाच, देठाचा मुरकाही आजीचाच. तरी फिलोमेन काचेला नाक लावून उभी राहिली ती हलेचना.

“आत्या, काच पुसायला आलीस का?” वर्नानं विचारलं.

“गप गं. चुकीचा मणी कुठे दिसत नाहीये.”

गोरे फर-व्यापारी आणि इथल्या आदिवासी बायका यांच्या वंशातल्या आम्ही मेटी बायका प्रत्येक कामात एक मणी मुद्दाम चुकीचा ओवतो. निर्दोष काम देवानं करावं, माणसानं तेवढी घमेंड करू नये. आजी तर निळा मणी थेट लाल गुलाबाच्या पोटात बसवायची. इथे गुलाब लालच्या लाल! फिलोमेननं डावा जोडा पाहिला, उजवा पाहिला, परत डावा पाहिला. फुलं आजीची आणि हात परक्याचा, असं कसं होईल? तिला काही कळेना, आणि कळत नाही याचाच राग येऊ लागला.

तेवढ्यात कपाटांची देखरेख करणारी बाई हसत आली. “छान आहेत ना? शिवणारीची एक चूक झाली होती, लाल फुलात निळा मणी. आम्ही शोधून शोधून त्याच काळातला लाल मणी बसवला.”

फिलोमेनला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. “माझी आजी आहे ती. वेरोनिक देजार्ले. लिहा नाव.”

“लिहू की,” बाई संकोचून म्हणाली, “पण काही पुरावा?”

“होता,” फिलोमेन म्हणाली. “तुम्ही दुरुस्त केलात.”