शेगडीशेजारची खोली

बुटांचा कारखाना बंद पडला, तेव्हा वेल्डा होल्टमायर म्हातारी झाली नव्हती. पण नवं काम शिकण्याचं वयही उरलं नव्हतं. उभा जन्म तिने चामड्याला टाके घालण्यात काढला होता. लग्न केलं नव्हतं. अमेरिकेत, मिझुरी नदीवरच्या टेकड्यांत, नॉय-लिप्पे गावात तिचं बैठं घर होतं, आणि आता सगळा दिवस मोकळा होता. त्या मोकळ्या दिवसांत तिला पूर्वजांचा नाद लागला.

आधी नुसती चर्चमागची थडगी बघायची. मग ब्रश आणि पाण्याची बाटली घेऊन शेवाळ घासायला लागली. गुरांच्या कुरणात, देवदारांच्या झाडीत बुडालेले दगड तिने शोधून काढले. जिल्ह्याच्या कोर्टात जुनी मृत्युपत्रं चाळली. हस्तलिखितांच्या नकला, नकाशे, फोटो असं सगळं मागच्या खोलीत साठत गेलं. खोलीतला पलंग आधी भिंतीला सरकला, मग कागदांखाली दिसेनासा झाला.

एवढं करून गाडी एका जागी अडली होती. इथे पहिल्यांदा आलेला फ्रीडरिष होल्टमायर जर्मनीतल्या कुठल्याच चर्चच्या जन्मनोंदीत सापडेना. तो जणू बोटीवरच जन्मला होता.

त्याच हिवाळ्यात तिचे वडील, एर्विन, डुकरांच्या गोठ्याजवळ बर्फावर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. मळ्यावर एकट्याने राहणं आता शक्य नव्हतं. धाकटी बहीण लिओना हिचा नवरा स्वतःच अंथरुणाला खिळलेला. सगळ्यांच्या नजरा वेल्डाकडे वळल्या.

"माझ्याकडे जागा कुठे आहे?" वेल्डा म्हणाली.

"मागची खोली आहे की."

"तिथे माझं काम मांडलंय, लिओना. एक कागद हलला तर सगळं विस्कटेल."

लिओनाने कोटाची बटणं लावता लावता म्हटलं, "वा गं बाई! मेलेल्या होल्टमायरांना तुझ्या घरात जागा आहे, जिवंत तेवढा एक जास्त झाला."

वेल्डाला बोलणं झोंबलं. पण दारापुढच्या पायऱ्या, न्हाणीघर, रात्रीचं उठणं अशी कारणं तिच्यापाशी तयार होती, आणि त्यातलं एकही खोटं नव्हतं. मळा विकला, आणि एर्विन जिल्ह्याच्या गावी वृद्धाश्रमात गेले. जाताना त्यांनी फक्त विचारलं, "तिथे खिडकी कुठल्या बाजूला आहे?" खिडकी गाड्या लावायच्या जागेवर उघडत होती.

वेल्डा शनिवारी त्यांना भेटायला जाई. यकृताचं सॉसेज नेई, सफरचंदाचा मुरांबा नेई, आणि वहीही नेई.

"पापा, फ्रीडरिषचं गाव कुठलं? आजी काही बोलायची का?"

"पेअरची झाडं कोणी छाटली का यंदा?"

"छाटतील नवे मालक. पापा, नीट आठवा ना. आजी काय म्हणायची?"

"आजी?" एर्विन हसले. "ती म्हणायची, आपण खरे होल्टमायर नाहीच मुळी. नाव घराचं, माणूस भलताच."

"काहीतरीच काय पापा!"

"मी नाही, आजी म्हणायची. तू मुरांबा आणलास का गं, पोरी? बस ना जरा. वही ठेव बाजूला."

वेल्डाने ते लिहूनही घेतलं नाही. म्हाताऱ्याचं डोकं चालेनासं झालं, असं तिला वाटलं. पुढच्या शनिवारी शेजारच्या जिल्ह्यातली एक दफनभूमी बघायची होती, म्हणून ती आश्रमात गेली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. एर्विन वारले तेव्हा ती कुठल्याशा होल्टमायरच्या थडग्यावर कागद धरून अक्षरं उमटवायला कोळसा घासत होती. तो होल्टमायर त्यांच्या कुळातला नव्हताच.

पुढे उन्हाळ्यात जर्मनीतल्या चर्चच्या जुन्या नोंदींच्या नकला घेऊन ती पास्टर केसलर यांच्याकडे गेली. ते जुनी जर्मन लिपी वाचत. लग्नाच्या नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं.

"हा तुमचा फ्रीडरिष. जन्माने ब्रांडहोर्स्ट. लग्न करून बायकोच्या मळ्यावर राहायला गेला, म्हणून मळ्याचं नाव लागलं, होल्टमायर. तिकडे तशीच रीत होती. घरात कोणी सांगितलं नाही तुम्हाला?"

वेल्डाने वही मिटली. "सांगितलं होतं," ती म्हणाली.

खरं नाव कळल्यावर बाकीचं सरसर सुटत गेलं. ब्रांडहोर्स्ट नावाखाली कोर्टात दुसरीकडेच लावलेलं फ्रीडरिषचं मृत्युपत्रही निघालं. कुळाच्या मेळाव्यात, चर्चच्या तळघरात, बटाट्याची कोशिंबीर आणि केक संपल्यावर सगळ्यांनी आग्रह धरला म्हणून ती ते वाचायला उभी राहिली.

"माझी बायको लुईजे हिला मरेपर्यंत शेगडीशेजारची खोली द्यावी. मुलाने तिची लाकडं फोडून दारापाशी आणून ठेवावीत. एक दुभती गाय तिची. घरामागच्या पेअरच्या दोन झाडांची फळं तिची..."

"म्हातारा पक्का होता!" कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

वेल्डाने पुढची ओळ डोळ्यांनी वाचली. तिने चष्मा काढला. लोकांना वाटलं, चष्मा पुसायला थांबली. लिओना उठली, तिच्या हातातून कागद घेतला आणि उरलेलं वाचलं.

"रविवारी तिला गाडीतून चर्चला न्यावं. आणि तिने एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, तरी घरातल्या कोणी तिच्यावर खेकसू नये."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लिओना बहिणीकडे न बघता खाली बसली. त्या दिवशी तिने टोमणा मारला असता, तर वेल्डाला बरं वाटलं असतं.

त्या शरदात वेल्डाने सगळी खोकी चर्चला देऊन टाकली. मागची खोली धुतली, पलंगावर नवी गादी घातली, खिडकीला पडदा लावला. दरम्यान लिओनाचा नवरा वारला होता. वेल्डा तिला म्हणाली, "इकडे येऊन राहा. खोली रिकामी आहे."

लिओनाने कॉफीत चमचा फिरवला.

"नको गं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "त्या खोलीत मला झोप नाही यायची."

अजूनही दर रविवारी चर्च सुटल्यावर लिओना येते. दोघी स्वयंपाकघरात बसतात, कॉफी पितात, गुडघ्यांच्या तक्रारी करतात. मागच्या खोलीचं दार उघडंच असतं. वेल्डा दर पंधरवड्याला पलंगपोस बदलते.