लिस्बनचे होतकरू

निवृत्त होईपर्यंत मी टेक्सासमधल्या एका कॉलेजात पोर्तुगीज साहित्य शिकवले. एकोणिसाव्या शतकातल्या निसर्गवादी कादंबऱ्या, म्हणजे माणसाला न सजवता दाखवणाऱ्या, हा माझा विषय. त्यांत एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. गावाकडून लिस्बनला आलेला, बुद्धी बेताची, कमरेत वाकण्याची तयारी अमर्याद. मंत्र्याच्या सासूचा पंखा उचलून देता देता तो खासदार होतो.

टेक्सासमधल्याच फ्रिस्को शहरात आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष त्याच जातकुळीचा. त्याला नगर परिषदेची निवडणूक लढवायची होती. एका वजनदार डॉक्टरांचा पाठिंबा मिळावा म्हणून त्याने रविवारची मराठी शाळा त्यांच्या पत्नीकडे सोपवली. ती शाळा माझ्या पत्नीने आमच्या गॅरेजमध्ये सुरू केली होती. तिला फोनवर सांगण्यात आले, "काकू, आता जरा रेस्ट घ्या. तुम्ही खूप केलंत." मी ते लक्षात ठेवले.

गणेशोत्सवाच्या मंचावरून त्याला स्वतःची उमेदवारी जाहीर करायची होती. परवानगीचा निर्णय कार्यकारिणी एका शनिवारी घेणार होती. त्याच दुपारी, त्याआधी, त्याच सभागृहात मंडळाच्या वाचक गटाची बैठक होती. व्याख्यान मी मागून घेतले. कार्यकारिणी आलीच होती. तो पहिल्या रांगेत बसला.

मी कोणाचा निषेध केला नाही. निसर्गवादी लेखक निषेध करत नाही, पाहिलेले लिहितो. लिस्बनचा होतकरू कोणाच्या पाया पडतो आणि त्या वेळी आजूबाजूला कोण आहे हे कसे पाहून घेतो, ते मी सांगितले. श्रीमंताकडच्या जेवणात तो स्वतःचे ताट सोडून कोणाचे ताट वाढतो, तेही सांगितले. मग म्हणालो, "आणि एका बड्या घरच्या बाईंना खूश करण्यासाठी तो म्हाताऱ्या शिक्षिकेला घरी बसवतो. वर म्हणतो, बाई, आता विश्रांती घ्या."

मागून एक बाई म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्याच झिप कोडमधला." सभागृह हसले. हा शेवटचा प्रसंग कोणत्याही कादंबरीत नाही. कोणी विचारलेही नाही.

चहाच्या वेळी तो जवळ आला. चेहरा उतरला होता, हसू मात्र जागेवर होते.

"काका, एंडला त्याचं काय होतं?"

"मंत्री होतो."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"त्याला काहीच नाही. तो कादंबरीत आहे. तुम्हाला आता आत कार्यकारिणीची मतं मागायची आहेत."

कार्यकारिणीने मंच नाकारला. महिन्याभरात त्याने उमेदवारी मागे घेतली.

घरी पत्नी शेंगा सोलत होती. मी माघारीची बातमी सांगितली.

"शाळा परत दिली का?"

"नाही."

"मग हे कोणासाठी केलंत?"

तिला शाळा हवी होती. मला तो पडलेला हवा होता, आणि तो पडला.